पिशवीतल्या कागदांचा अर्थ कोण लावणार?

सोमवारची सकाळ, जिल्ह्याच्या ठिकाणचे सरकारी रुग्णालय. केसपेपरच्या खिडकीपुढची रांग पार व्हरांड्याबाहेर गेलेली असते. आजी बाकावर बसलेल्या असतात आणि नातू रांगेत उभा असतो. त्याच्या हातात साडीच्या दुकानातून मिळालेली पिशवी. पिशवीत जुने एक्स-रे, गावातल्या डॉक्टरांची चिठ्ठी, मागच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, केशरी रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्स. पुढचे तीन-चार तास हा नातू केसपेपर घेऊन ओपीडीत जाईल, तिथून रक्त तपासणीच्या खिडकीवर, तिथून एक्स-रेला, पुन्हा ओपीडीत, मग ‘योजनेत बसते का’ हे विचारायला आरोग्यमित्राकडे, आणि शेवटी फिजिओथेरपी विभागात तारीख घ्यायला. तिथे गुरुवार मिळाला तर तो म्हणेल, ‘गुरुवारी आमच्याकडून सकाळची एसटी नसते, बुधवार द्या.’

या नातवाचे काम संगणकाने करावे, ही कल्पना आजची नाही. मे २००१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला या तिघांचा एक लेख आला. बर्नर्स-ली म्हणजे वर्ल्ड वाइड वेबचे जनक. लेख इंटरनेटच्या पुढच्या रूपाबद्दल होता, पण त्याची सुरुवात होते ती एका आजारी आईपासून. आईला तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवायचे आहे आणि नंतर फिजिओथेरपीच्या अनेक फेऱ्या करायच्या आहेत. मुलगी ल्यूसी डॉक्टरांच्या दवाखान्यातूनच आपल्या ‘एजंट’ला कामाला लावते. तो एजंट डॉक्टरांच्या एजंटकडून उपचारांची माहिती घेतो, आईच्या विम्यात बसणारी, घरापासून २० मैलांच्या आतली आणि चांगला शेरा असलेली केंद्रे शोधतो, ल्यूसी आणि तिचा भाऊ पीट यांच्या मोकळ्या वेळा जुळवतो आणि काही मिनिटांत वेळापत्रक पुढे ठेवतो. पीटला ते पसंत पडत नाही, कारण रुग्णालय शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे आणि परतताना ऐन गर्दीची वेळ. तो आपल्या एजंटला पुन्हा शोधायला सांगतो. दोन्ही एजंट परस्परांशी बोलतात आणि जवळचे केंद्र सापडते.

‘एजंट’ म्हटले की आपल्याकडे आरटीओबाहेरचा माणूस आठवतो. इथला एजंट म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्या प्रणालींशी बोलून काम उरकणारी संगणक-प्रणाली. पण काम तेच, चार खिडक्या फिरून कागद जुळवण्याचे.

हे घडावे यासाठी काय लागेल, याचे उत्तर त्या लेखाने दिले होते. वेबवरची पाने माणसांनी वाचावीत म्हणून लिहिलेली असतात. ‘फिजिओथेरपी : सोम, बुध, शुक्र, ९ ते १२’ ही पाटी नातवाला कळते. संगणकाच्या लेखी ती नुसती अक्षरे. फिजिओथेरपी हा एक उपचार आहे, तो सांध्याच्या विकारात देतात, त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते, बारानंतर खिडकी बंद होते, हे सगळे संगणकाला कळेल अशा ठरावीक संज्ञांत लिहून ठेवले तरच दुसरा संगणक त्यावरून काम करू शकेल. अशा अर्थासह लिहिलेल्या जाळ्याला त्यांनी ‘सिमँटिक वेब’ म्हटले. पुढे संगणकांनी एकमेकांना द्यायच्या सेवांचे वर्णन कसे करावे याची एक भाषाही तयार झाली. ‘ओडब्ल्यूएल-एस’ नावाची ही भाषा २००४ मध्ये वेबचे मानदंड ठरवणाऱ्या संस्थेपुढे मांडली गेली. सेवेला काय द्यावे लागते, त्यातून काय मिळते, आधी कोणत्या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात आणि सेवा घेतल्यावर परिस्थितीत काय फरक पडतो, या चार गोष्टी तिच्यात नोंदवता येतात. आपल्या ओपीडीच्या भाषेत : चिठ्ठी आणा, तारीख न्या, आधी केसपेपर हवा, नंतर रजिस्टरमधली एक जागा भरली.

व्यवहारात हे फारसे चालले नाही. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि एसएपी या बड्या कंपन्यांनी वेबवरच्या सेवांची एक सार्वजनिक सूची उघडली होती. एजंटांनी तिथे यावे आणि हवी ती सेवा शोधून घ्यावी, असा बेत. २००६ च्या जानेवारीत ती सूची बंद झाली. त्याच वर्षी बर्नर्स-ली यांनी दोन सहकाऱ्यांसह पुन्हा एक लेख लिहिला आणि आपली साधीशी कल्पना बव्हंशी प्रत्यक्षात आलेली नाही, हे मोकळेपणाने मान्य केले. कारणे पुष्कळ सांगितली जातात. वैद्यकातल्या माणसाला मात्र त्यातले मुख्य कारण लगेच ओळखू येईल, कारण ते रोज त्याच्या टेबलावर असते. एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, एकाच गोष्टीला दोन शब्द असतात आणि आकड्यामागचे एकक लिहायचे राहून जाते.

‘पी.टी.’ ही दोन अक्षरे घ्या. हाडांच्या विभागात ती फिजिओथेरपी असते, प्रयोगशाळेत रक्त गोठायला लागणारा वेळ मोजण्याची चाचणी असते आणि घाईत लिहिलेल्या केसपेपरवर नुसता ‘पेशंट’ असतो. भारतात ज्याला पॅरासिटामॉल म्हणतात त्यालाच अमेरिकेत अॅसिटामिनोफेन म्हणतात. मुलाकडे न्यू जर्सीला गेलेल्या आजोबांच्या दोन पिशव्यांतून या दोन नावांच्या गोळ्या निघाल्या आणि त्यांनी दोन्ही घेतल्या, तर यकृतावर दुप्पट भार पडतो.

एककांचा घोळ याहून गमतीदार, आणि धोक्याचाही. ब्रिटनमध्ये रक्तातील साखर मिलिमोलमध्ये मोजतात, भारतात मिलिग्रॅममध्ये. तिथला आकडा १८ ने गुणला की इथला मिळतो. तिथल्या रिपोर्टवरची ७.२ साखर म्हणजे इथली १३०. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी तिथे वेगळ्या एककात देतात. इथे जे ७.२ टक्के, ते तिथे ५५. आता लंडनहून परतलेल्या मधुमेही रुग्णाचे ‘७.२’ आणि ‘५५’ हे दोन आकडे एककांशिवाय इथल्या संगणकात शिरले, तर ७.२ ही एचबीए१सी वाटेल आणि ५५ ही साखर! म्हणजे उपचार बरे चालले आहेत, पण या घडीला साखर धोकादायकरीत्या उतरली आहे, असा चोख दिसणारा आणि साफ चुकीचा निष्कर्ष. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाकडे बघतो, तो घामाघूम नाही हे पाहतो आणि कागद पुन्हा वाचतो. प्रणालीला तोंड दिसत नाही.

इन्सुलिनबाबत तर परदेशी जायलाच नको. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बरेचदा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि पेनमधले १०० युनिटचे. अर्धा मिलिलिटर म्हणजे पहिल्यातून २० युनिट, दुसऱ्यातून ५०. एका प्रणालीने डोस मिलिलिटरमध्ये नोंदवला आणि दुसरीने कुपीची तीव्रता गृहीत धरली, तर रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. १९९९ मध्ये नासाचे मंगळाकडे निघालेले एक यान याच जातीच्या चुकीने नष्ट झाले. एका बाजूची प्रणाली पाउंडात हिशेब देत होती आणि दुसरी ते आकडे न्यूटनमधले समजत होती. निरोप अचूक पोचत होता, अर्थ पोचत नव्हता.

यावर वैद्यकाने उपाय शोधलेला नाही असे नाही. उलट या बाबतीत वैद्यक इतर क्षेत्रांच्या पुढे आहे. ‘स्नोमेड सीटी’ नावाच्या जागतिक शब्दसंग्रहात साडेतीन लाखांच्या आसपास वैद्यकीय संकल्पना आहेत आणि प्रत्येकीला स्वतंत्र क्रमांक आहे. कुणी ‘एमआय’ लिहो, कुणी ‘हार्ट अटॅक’, कुणी ‘हृदयविकाराचा झटका’. क्रमांक एकच, २२२९८००६. हा नुसता कोश नाही. विषाणूजन्य न्यूमोनिया हा न्यूमोनियाचाच प्रकार आहे, तो फुप्फुसात होतो, त्याचे कारण विषाणू आहे, अशी नातीही त्यात नोंदलेली असतात. त्यामुळे ‘फुप्फुसाचे आजार असलेले सगळे रुग्ण दाखवा’ म्हटल्यावर संगणक न्यूमोनियाचे रुग्णही दाखवतो. प्रयोगशाळेच्या चाचण्यांसाठी ‘लॉइंक’ ही वेगळी पद्धत आहे. तिच्यात रक्तातील साखर मिलिग्रॅममध्ये दिली तर क्रमांक २३४५-७ आणि मिलिमोलमध्ये दिली तर १४७४९-६. वरचा लंडनचा गोंधळ एवढ्यानेच टळतो.

भारत २०१४ पासून स्नोमेडचा सदस्य देश आहे, त्यामुळे तो शब्दसंग्रह इथल्या रुग्णालयांना मोफत वापरता येतो. त्यासाठीचे राष्ट्रीय केंद्र पुण्यात, सी-डॅकमध्ये आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले, १४ अंकी ‘आभा’ क्रमांक आले आणि रुग्णाच्या संमतीने एका रुग्णालयाची नोंद दुसऱ्याकडे जावी अशी रचना उभी राहिली. नोंदी कोणत्या साच्यात पाठवायच्या, तेही ठरलेले आहे. कागदावर ल्यूसीच्या गोष्टीला लागणारे जवळपास सगळे सामान जमले आहे.

मग अडते कुठे? अडते ओपीडीतल्या टेबलावर. २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात ६७ देशांतील डॉक्टर-भेटींच्या वेळेचा आढावा आला होता. स्वीडनमध्ये सरासरी साडेबावीस मिनिटे, बांगलादेशात ४८ सेकंद. भारत बांगलादेशच्याच बाजूला, दोन मिनिटांच्या आसपास. या दोन मिनिटांत रुग्णाला तपासायचे, गोळ्या लिहायच्या आणि पुढच्याला बोलवायचे. साडेतीन लाखांतून नेमका क्रमांक निवडायला त्या डॉक्टरला सवड कुठून मिळणार? मग केसपेपरचा फोटो काढून किंवा पीडीएफ करून तो ‘अपलोड’ होतो. साच्यात तशी मुभा आहे. पाकीट या गावाहून त्या गावाला बिनचूक पोचते, आत काय आहे ते पोचवणाऱ्याला कळत नाही. नातवाची पिशवी तीच राहते, फक्त मोबाइलमध्ये जाते.

यापेक्षा वाईट शक्यता अशी, की क्रमांक भरले जातील पण भलत्याच कारणासाठी भरले जातील. अमेरिकेतले डेव्ह डिब्रोन्कार्ट यांचे उदाहरण इथे आठवावे. मूत्रपिंडाच्या कर्करोगातून ते बरे झाले होते. २००९ मध्ये त्यांनी बोस्टनमधल्या रुग्णालयातली आपली माहिती गुगलच्या तेव्हाच्या आरोग्य-सेवेत एक कळ दाबून हलवली. दोन्ही प्रणालींनी परस्परांशी बिनतक्रार सहकार्य केले. आणि समोर जी यादी आली, तीत त्यांना कधीच न झालेले आजार होते, मेंदू किंवा मणक्यात कर्करोग पसरल्याची नोंद होती आणि होऊन गेलेले आजार तारखांशिवाय आल्यामुळे आजचे वाटत होते. शोध घेतल्यावर कळले, की रुग्णालयाने पाठवलेली माहिती बिलासाठी वापरायच्या क्रमांकांची होती. बिलाचा क्रमांक विमा कंपनीसाठी असतो. एखादा आजार नाही ना, हे पाहायला केलेल्या तपासणीच्या बिलावरही त्या आजाराचा क्रमांक येऊ शकतो. गवगवा झाल्यावर त्या रुग्णालयाने बिलाचे क्रमांक पाठवणे थांबवले. गुगलची ती सेवा २०१२ च्या आरंभी बंदच झाली.

महाराष्ट्राने ही गोष्ट जवळून पाहावी. आपल्याकडे आजाराची सर्वांत नेटकी संगणकीय नोंद होते ती महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या दाव्यांत, कारण तिथे पैशांचा प्रश्न असतो आणि उपचाराला ठरावीक ‘पॅकेज’चा क्रमांक लागतो. ही माहिती हाताशी आहे, सुबक आहे, म्हणून तीच रुग्णाचा इतिहास म्हणून वापरण्याचा मोह उद्या कुणाला तरी होणार. रुग्णाचा आजार पॅकेजच्या चौकटीत तंतोतंत बसतोच असे नाही. अनेकदा जवळचे पॅकेज निवडले जाते आणि त्यात गैर काही नसते, रुग्णावर उपचार व्हावेत एवढाच हेतू असतो. पण पाच वर्षांनी दुसऱ्या शहरातला एजंट ते पॅकेज वाचून ‘या बाईंना हा आजार होता’ असे ठरवील आणि त्यावरून एखादे औषध अडवील किंवा विम्याचा हप्ता वाढवील. दाव्याची नोंद आणि आजाराची नोंद या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. कोणती नोंद कशासाठी केली होती, हेही तिच्यासोबत लिहिलेले असले पाहिजे.

गेल्या दोन-तीन वर्षांत ‘एजंट’ हा शब्द पुन्हा सगळीकडे ऐकू येऊ लागला आहे. एप्रिल २०२५ मध्ये गुगलने वेगवेगळ्या कंपन्यांच्या एजंटांनी आपापसांत कसे बोलावे याची पद्धत जाहीर केली. हे नवे एजंट मोठ्या भाषा-प्रारूपांवर चालतात. त्यांना अर्थ क्रमांकात लिहून द्यावा लागत नाही, आजूबाजूच्या शब्दांवरून ते तो ताडतात. डॉक्टरांचे अक्षरही बऱ्यापैकी लावतात, हे औषध दुकानदारांनंतरचे मोठेच यश म्हणायचे! त्यामुळे काही जण विचारतात, की मग स्नोमेड आणि लॉइंकची हमाली हवीच कशाला?

हवी, कारण ताडणे आणि ठाऊक असणे यांत फरक आहे. फिजिओथेरपीची तारीख ताडून घेतली आणि चुकली तर एक हेलपाटा पडेल. इन्सुलिनच्या कुपीची तीव्रता ताडून घेणे परवडणार नाही. नवे एजंट जरूर वापरावेत. केसपेपर वाचून योग्य क्रमांक सुचवण्याचे काम त्यांना द्यावे आणि माणसाने तो एका नजरेत तपासून मान्य करावा. मग दोन मिनिटांतही ते जमेल. एजंटांनी आपापसांतला व्यवहार मात्र मान्य झालेल्या क्रमांकांवर करावा, अंदाजावर नाही.

आणि सगळे एकदम करू नये. निदानांचे शब्द गुंतागुंतीचे असतात, ते नंतर घ्यावेत. आधी प्रयोगशाळा आणि औषधे. तपासणीचे यंत्र आकडा आणि एकक स्वतःच देते. प्रत्येक चाचणीला लॉइंक क्रमांक एकदाच जोडायचा असतो, रोज नाही. औषधांत तर सरकारी रुग्णालयांची बाजू खासगीपेक्षा भक्कम आहे, कारण इथे ठरावीक यादीतली मूळ नावाची औषधे असतात, ब्रँडचे जंगल नसते. या दोन गोष्टी जरी नीट झाल्या तरी साखरेचा घोळ, इन्सुलिनचा घोळ आणि एकच गोळी दोन नावांनी घेण्याचा प्रकार आटोक्यात येईल. त्यासाठी मेडिकल रेकॉर्ड विभागात प्रशिक्षित माणसे लागतील. सर्व्हर विकत घेताना जी घाई दिसते ती ही पदे भरताना दिसत नाही.

एजंट नेमका कुणाचा, हाही प्रश्न उरतो. ल्यूसीचा एजंट ल्यूसीसाठी भांडत होता. आजींच्या घरात एकच स्मार्टफोन असतो आणि तो पुण्याला कामाला असलेल्या मुलाच्या खिशात असतो. संमतीचा ओटीपी तिथे वाजतो. मुलगा कामाच्या गडबडीत तो सांगून टाकतो आणि संमती ‘मिळते’. आजींना त्यातले काहीही ठाऊक नसते. ‘गुरुवारी एसटी नाही’ हे कोणत्या रकान्यात भरायचे, तेही कुणी ठरवलेले नाही.

२००१ च्या त्या गोष्टीचा शेवट सहसा कुणी सांगत नाही. नव्या वेळापत्रकासोबत एक इशारा आलेला असतो : निवडलेले केंद्र विमा कंपनीच्या फिजिओथेरपीच्या यादीत नाही, पण ते चालते याची खात्री दुसऱ्या मार्गाने केली आहे. तपशील नकोत म्हणत पीट होकार देतो. रात्री मात्र त्याला राहवत नाही आणि हे केंद्र यादीत नसताना सापडले कसे, ते समजावून सांगायला तो एजंटला लावतो. पायऱ्या लिहिलेल्या असतात, म्हणून एजंटला ते सांगता येते. हा ‘असे का?’ आपल्या नातवाला आज खिडकीवर विचारता येतो आणि पलीकडचा माणूस, वैतागून का होईना, उत्तर देतो. उद्या त्या खिडकीच्या जागी पडदा येणार असेल, तर ‘असे का?’ हे बटण त्यावर पहिल्या दिवसापासून हवे, उत्तर मराठीत हवे आणि ते आजींना ऐकू येईल एवढ्या आवाजात हवे.